युरोपला माल पाठवायचाय? रोह्सची पहिली फाइल अशी तयार करा

भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याला युरोपातून पहिली चौकशी आली, की दर आणि डिलिव्हरीच्या पाठोपाठ एक ओळ हमखास असते: रोह्स डिक्लेरेशन (मालातले घातक पदार्थ मर्यादेत असल्याची लेखी घोषणा) पाठवा. मग कुणीतरी इंटरनेटवरून एक नमुना उतरवतं, लेटरहेडवर छापतं, सही-शिक्का मारतं आणि कागद रवाना होतो. मीही पहिल्या वेळी तेच केलं होतं. काही महिन्यांनी गिऱ्हाइकाने साधा प्रश्न विचारला, "तुमच्या स्क्रूवरचा पिवळा थर कशाचा आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सही मात्र माझी होती.

तो प्रश्न मला फार काही शिकवून गेला. आपल्या मालातला प्रत्येक तुकडा कशाचा बनला आहे हे माहीत नसेल, तर डिक्लेरेशनवरच्या सहीला अर्थ उरत नाही. पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी, कामाच्या क्रमाने, पुढचं सगळं लिहितो आहे.

आधी कायदा, थोडक्यात

विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांतले घातक पदार्थ मर्यादित ठेवण्यासाठी युरोपीय संघाने केलेला कायदा म्हणजे रोह्स. पहिला कायदा २००२ चा, त्याची बंदी लागू झाली १ जुलै २००६ पासून. आज चालतो तो २०११ चा, क्रमांक २०११/६५/ईयू. सुरुवातीला यादीत सहा पदार्थ होते: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम (आपले प्लेटिंगवाले त्याला 'हेक्स क्रोम' म्हणतात), आणि प्लास्टिक पेटू नये म्हणून घातली जाणारी पीबीबी व पीबीडीई ही ब्रोमीनची दोन कुटुंबं. २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी हे चार थॅलेट त्यात आले. प्लास्टिक मऊ करणारी ही रसायनं बहुतेक उपकरणांसाठी २२ जुलै २०१९ पासून मर्यादेखाली आहेत.

मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे. कॅडमियम वजनाच्या ०.०१ टक्के, म्हणजे १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर). बाकीच्या नऊंपैकी प्रत्येक ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम, किलोमागे एक ग्रॅम.

लष्करी सामग्री, अंतराळात जाणारी उपकरणं, मोठी स्थिर औद्योगिक यंत्रं, वाहनं, व्यावसायिकांनी बसवायचे सौर पॅनेल अशा काही गोष्टी कायद्याबाहेर आहेत. बॅटरीचा कायदा वेगळा आहे. तुमचं उत्पादन यांपैकी नसेल आणि ते विजेवर चालत असेल, तर ते आत आहे असं धरून चाला. २०१९ पासून 'वरच्या कुठल्याच वर्गात न बसणारी बाकी सगळी उपकरणं' असा अकरावा वर्गच लागू झाला आहे.

पायरी १: एकजिनसी पदार्थ ही कल्पना पक्की करा

नवखे इथेच चुकतात, म्हणून थोडं थांबू. ०.१ टक्का हा आकडा पूर्ण उपकरणाच्या वजनावर मोजत नाहीत. पूर्ण सुट्या भागाच्याही वजनावर नाही. तो मोजतात एकजिनसी पदार्थाच्या वजनावर. स्क्रू सोडवून, कापून, ठेचून, दळून किंवा घासून ज्याचे आणखी वेगळे पदार्थ करता येत नाहीत, तो एकजिनसी पदार्थ.

एक साधी वायर घ्या. वरचं पीव्हीसीचं आवरण हा एक पदार्थ. आतलं तांबं दुसरा. तांब्यावर कथलाचा मुलामा असेल तर तो तिसरा. आवरणावर छापलेली शाई चौथा. प्रत्येकाला स्वतंत्रपणे मर्यादा लागू. आवरणात २००० पीपीएम शिसं असेल, तर 'पूर्ण वायरमध्ये सरासरी ४०० च येतं' हा हिशेब चालत नाही.

म्हणूनच अख्खं उपकरण दळून केलेल्या चाचणीच्या अहवालाला इथे किंमत नाही. असा अहवाल कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला, तर पैसे वाचवा.

पायरी २: बीओएम (उत्पादनातल्या सगळ्या भागांची यादी) उघडा आणि धोक्याच्या जागा शोधा

उदाहरणासाठी एक छोटी वस्तू घेऊ: अंधार पडला की दिवा लावणारा आणि उजाडलं की बंद करणारा स्विच. पंधरा-वीस भागांची वस्तू, पण रोह्सचे जवळजवळ सगळे धडे तिच्यात आहेत.

अंधार ओळखणारा सेन्सर, म्हणजे एलडीआर, हा यातला सर्वांत मोठा अडथळा. त्याच्या तोंडावर दिसणारी नागमोडी रेष ज्या थरावर असते तो थर बहुतेकदा कॅडमियम सल्फाइडचा असतो. तिथे कॅडमियम ही अशुद्धी नसून मूळ घटकच आहे, त्यामुळे १०० पीपीएमच्या आसपास येण्याचा प्रश्नच नाही. इथे कागद गोळा करण्यात वेळ घालवू नका, डिझाइनच बदला. सिलिकॉनचा फोटोट्रान्झिस्टर किंवा तयार अँबियंट लाइट सेन्सर वापरा. सर्किटमध्ये रेझिस्टरच्या किमती बदलतील, संध्याकाळी नेमक्या कोणत्या उजेडाला दिवा लागावा ते पुन्हा जुळवावं लागेल. हे काम ऑर्डर हातात येण्याआधी झालेलं बरं.

दुसरी जागा रिलेची, म्हणजे दिव्याचा वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाची. जुन्या रिलेंचे कॉन्टॅक्ट सिल्व्हर कॅडमियम ऑक्साइडचे असत, कारण ठिणगी उडाली तरी ते लवकर चिकटत नाहीत. विद्युत कॉन्टॅक्टमधल्या कॅडमियमला कायद्यात सूट आहे, पण ती मोजक्या उपयोगांपुरती आक्रसत आली आहे. रिले निवडतानाच डेटाशीटमध्ये कॉन्टॅक्टचा पदार्थ पाहा आणि सिल्व्हर टिन ऑक्साइडचा रिले घ्या, म्हणजे सुटीच्या वादात पडावं लागत नाही.

पितळी टर्मिनल बघून नवखा माणूस घाबरतो. जामनगरहून येणारे हे भाग लेथवर सहज कापले जावेत म्हणून पितळात मुद्दाम दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असतं. ते १००० पीपीएमच्या कितीतरी वर जातं. पण तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिशाला सूट आहे, कायद्याच्या परिशिष्ट ३ मधला क्रमांक ६(सी). लेथवरच्या पोलादाला ०.३५ टक्क्यांपर्यंत आणि अॅल्युमिनियमला ०.४ टक्क्यांपर्यंत अशाच सुटी आहेत. सूट वापरली तर फाइलमध्ये तिचा क्रमांक लिहायचा, ती अजून चालू आहे ना ते तपासायचं आणि तपासल्याची तारीखही नोंदवायची. सुटी कायमच्या नसतात. त्यांना मुदत असते, त्या नव्याने मंजूर होतात, तुटून लहान होतात किंवा संपतात. दोन वर्षांपूर्वी पाहिलेली यादी आज खरी असेलच असं नाही.

आता माझा तो पिवळा स्क्रू. लोखंडी स्क्रूवर जस्ताचा थर देतात आणि त्यावर पांढरा गंज येऊ नये म्हणून वर पॅसिव्हेशन, म्हणजे पातळ रासायनिक संरक्षक थर, करतात. इंद्रधनुष्यी झाक असलेलं जुनं पिवळं पॅसिव्हेशन हे हेक्स क्रोमचं असतं. त्याला ट्रायव्हॅलंट क्रोमियमचा पर्याय आहे. तो बहुधा निळसर-पांढरा दिसतो. पण फक्त रंगावर विसंबू नका, कारण ट्रायव्हॅलंटवर पिवळा रंग चढवूनही देतात आणि निळसर थरही जुन्या पद्धतीने होऊ शकतो. प्लेटिंगवाल्याच्या शेडवर स्वतः जा. कोणत्या टाकीत कोणतं रसायन आहे, त्याच्या पिंपावर काय लिहिलंय, दोन्ही पद्धती एकाच छपराखाली चालतात का, हे डोळ्यांनी पाहा. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) 'ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन, हेक्स क्रोम नको' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'झिंक प्लेटिंग' लिहिलंत, तर त्या दिवशी जी टाकी मोकळी असेल तिच्यात तुमचे स्क्रू जातील.

वायर, स्लीव्ह आणि ग्रोमेट यांत दोन धोके एकत्र येतात. मऊ पीव्हीसी मऊ असतं ते प्लास्टिसायझरमुळे, आणि स्वस्त मालात तो डीईएचपी असू शकतो. असलाच तर तो थोडाथोडका नसतो, वजनाच्या दहा-वीस टक्क्यांहूनही जास्त असू शकतो. शिवाय पीव्हीसी टिकावं म्हणून शिशाची संयुगं घालण्याची जुनी पद्धत आहे. २००१ च्या शेवटी नेदरलँड्समध्ये सोनीचे सुमारे तेरा लाख प्लेस्टेशन अडवले गेले, तेही केबलमधल्या कॅडमियमपायी. तेव्हा रोह्स नव्हता, डच कायदा होता. एवढी मोठी कंपनी अडकली ती मुख्य सर्किटमुळे नव्हे, कुणाचं लक्ष नसलेल्या केबलमुळे.

थॅलेटची आणखी एक खोड आहे. ते एका जागी राहत नाहीत. डीईएचपी असलेली मऊ वायर आणि चांगलं रबर महिनोन्महिने एकाच पिशवीत चिकटून राहिलं, तर थॅलेट एकातून दुसऱ्यात उतरतात. त्यामुळे निर्यातीचा आणि देशी मालाचा साठा एकाच खोक्यात ठेवू नका.

राहिली काळी डबी. नव्या एबीएस प्लास्टिकच्या दाण्यांपासून बनली असेल तर चिंता कमी. पण स्वस्त काळ्या प्लास्टिकमध्ये भंगारातल्या जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरची खोळं वितळवलेली असू शकतात, आणि त्यांच्याबरोबर पीबीडीई येतं. काळ्या रंगाखाली सगळं झाकलं जातं. मोल्डरकडून मालाचा ग्रेड आणि दाण्यांच्या खरेदीचं बिल मागा. लाल, नारंगी, पिवळी बटणं असतील तर रंगद्रव्यही विचारा, कारण त्या छटांसाठी कॅडमियमची आणि शिशाच्या क्रोमेटची रंगद्रव्यं वापरली जात आली आहेत.

पायरी ३: सोल्डरिंगची लाइन वेगळी करा

जुनं सोल्डर म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, १८३ अंशांना वितळणारं. त्याच्या जागी येतं कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असलेलं एसएसी ३०५, जे २१७ अंशांनंतर वितळू लागतं. किंवा नुसतं कथील-तांबं, २२७ अंशांचं, जे स्वस्त पडतं. या तीस-चाळीस अंशांनी बरंच काही बदलतं. रिफ्लोचं (भट्टीत सोल्डर वितळवण्याचं) तापमानाचं प्रोफाइल नव्याने बसवावं लागतं, स्वस्त कनेक्टरचं प्लास्टिक वाकतं, इस्त्रीचे (सोल्डरिंग आयर्नचे) टिप लवकर झिजतात. वेव्ह सोल्डरिंगच्या, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेण्याच्या, साध्या स्टेनलेस टाकीला कथील-बहुल सोल्डर हळूहळू खातं.

सर्वांत जास्त वेळ द्या तो हाताने सोल्डर करणाऱ्यांना. शिसंविरहित जोड जुन्यासारखा आरशासारखा चमकत नाही, तो जरा मंद आणि दाणेदार दिसतो. वर्षानुवर्षं 'चमकला म्हणजे चांगला' असं शिकलेल्या ताई त्याला ड्राय जॉइंट (कच्चा जोड) समजतात आणि पुन्हा पुन्हा इस्त्री लावतात. त्यात बोर्डावरचे तांब्याचे पॅड उचलले जातात. चांगल्या आणि वाईट जोडांचे मोठे फोटो टेबलासमोर लावा. दोन दिवस त्यांच्याजवळ बसा.

जुनं आणि नवं सोल्डर एकाच टेबलावर ठेवू नका. इस्त्री, टिप, स्पंज, डिसोल्डर पंप, सोल्डरची रिळं, सगळं वेगळं हवं. आम्ही निर्यातीच्या टेबलांना हिरवी पट्टी मारली होती, आणि ती पट्टी कोणत्याही सूचनाफलकापेक्षा जास्त उपयोगी पडली. दुरुस्तीचं टेबल मात्र हमखास विसरलं जातं. सगळी लाइन शुद्ध, आणि शेवटी रीवर्कवाला जुन्या रिळाने एक जोड मारतो. त्या एका जोडात शिसं मर्यादेच्या शेकडो पट असतं. वेव्हच्या टाकीतलं सोल्डर ठरावीक काळाने प्रयोगशाळेत पाठवा, कारण भागांच्या पायांवरच्या जुन्या मुलाम्यातून शिसं तिच्यात साचत जातं.

देशी मालासाठी शिशाचं सोल्डर अजून चालू असेल तर एक गोष्ट आजच करा. इस्त्रीच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, ते पोटात जातं हातावाटे. टेबलावर जेवणाचा डबा उघडू देऊ नका, आणि जेवणाआधी साबणाने हात धुण्याची सोय लाइनच्या जवळच ठेवा. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही, आणि घरी जाणारे हात त्याच मुलांना जवळ घेतात.

पायरी ४: व्हेंडरकडून कागद मागा, आणि वाचा

'आमचा माल रोह्स आहे' एवढंच वाक्य असलेलं पत्र स्वीकारू नका. डिक्लेरेशनवर भागाचा नेमका क्रमांक हवा. कोणत्या कायद्यानुसार ते हवं, आणि २०१५/८६३ या दुरुस्तीचा उल्लेख हवा. तो नसेल तर तो कागद बहुधा सहाच पदार्थांचा आहे, चार थॅलेट त्यात नाहीत. सूट वापरली असेल तर क्रमांक, आणि खाली तारीख, नाव, हुद्दा, सही.

नामांकित कंपन्यांच्या आयसी, कपॅसिटर, रेझिस्टरचे कागद त्यांच्या वेबसाइटवर मिळतात, तिथे फार वेळ जात नाही. वेळ जातो स्क्रू, वायर, डबी, लेबल, प्लेटिंग यांवर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे आणलेले भाग प्रोटोटाइपसाठी ठीक आहेत, उत्पादनात घेऊ नका. दुकानदाराचा त्यात दोष नाही. त्याच्या डब्यात तीन ठिकाणचा माल एकत्र झालेला असतो, तो कुठल्या लॉटचा हे त्यालाही सांगता येत नाही.

पायरी ५: चाचणी, जिथे गरज आहे तिथेच

सगळ्याची चाचणी करणं छोट्या कारखान्याला परवडत नाही आणि कायदा तसं सांगतही नाही. ईएन आयईसी ६३००० हे मानक असं सांगतं, की त्या पदार्थात बंदी असलेली वस्तू असण्याची शक्यता किती आणि पुरवठादारावर भरवसा किती, हे दोन्ही बघून कुठला पुरावा पुरेसा ते ठरवा. मी एका तक्त्यात प्रत्येक भागासमोर हे दोन शेरे आणि त्यांमागचं एका ओळीचं कारण लिहितो. नामांकित कंपनीच्या रेझिस्टरला डिक्लेरेशन पुरतं. अनोळखी व्हेंडरची मऊ काळी वायर प्रयोगशाळेत जाते.

पहिली चाळणी एक्सआरएफ गनची, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या हातातल्या यंत्राची. ती भाग न तोडता शिसं, पारा, कॅडमियम दाखवते. पण क्रोमियम दाखवते ते एकूण, त्यातलं हेक्स किती हे तिला कळत नाही. ब्रोमीनही एकूणच. पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) एफआर-४ नावाच्या पत्र्यात ती भरपूर ब्रोमीन दाखवेल, आणि ते बहुधा रोह्सच्या यादीत नसलेल्या टीबीबीपीए या रसायनाचं असेल. थॅलेट तिला दिसतच नाहीत. त्यासाठी जीसी-एमएस ही रसायनं वेगळी करून ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी लागते. चाचणीच्या पद्धती आयईसी ६२३२१ या मालिकेत आहेत. कोटेशन मागताना प्रयोगशाळेची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यता त्याच पद्धतींसाठी आहे का, हे विचारा. स्क्रूच्या थरावरच्या हेक्स क्रोमचा निकाल पीपीएममध्ये न येता चौरस सेंटिमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये येतो, ते पाहून गोंधळू नका.

पायरी ६: फाइल आणि सही

फाइलमध्ये उत्पादनाचं वर्णन, बीओएम, तो धोक्याचा तक्ता, व्हेंडरचे कागद, चाचणी अहवाल आणि सुटींची यादी. हे सगळं जोडलेलं असलं की ईयू डिक्लेरेशन ऑफ कन्फॉर्मिटीवर सही करायची आणि मालावर सीई खूण (युरोपचे लागू कायदे पाळल्याची खूण) लावायची. सीईमागे इतर कायदेही येतात, विजेच्या सुरक्षिततेचा आणि ईएमसीचा (विद्युतचुंबकीय व्यत्ययाचा), म्हणून एकाच डिक्लेरेशनमध्ये लागू असलेले सगळे कायदे लिहितात. मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि मॉडेल, बॅच किंवा सीरियल क्रमांक हवा. माल बाजारात आल्यापासून १० वर्षं फाइल जपायची.

इथे बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचं नाही. जबाबदारी उत्पादकाची आणि घोषणाही त्याचीच. हिरव्या पानाचं 'रोह्स' स्टिकर ही युरोपची अधिकृत खूण नाही, कायद्याची खूण म्हणजे सीई.

भारतातली बाजू

हा फक्त निर्यातीचा विषय नाही. भारतात या पदार्थांवरची मर्यादा १ मे २०१४ पासून आहे. सध्या ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या नियम १६ मध्ये आहे. पदार्थ सहा, आकडे युरोपचेच, थॅलेट नाहीत. या नियमांच्या अनुसूची १ मध्ये तुमचं उत्पादन आहे का ते पाहा. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू होत नाहीत. लागू असतील तर मालासोबतच्या पुस्तिकेत घटकांची माहिती आणि पालनाची घोषणा द्यावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बाजारातून नमुने उचलून तपासू शकतं, आणि नापास झाला तर माल परत बोलवावा लागतो.

मला विचाराल तर दोन वेगळ्या लाइन चालवण्यापेक्षा देशी मालही शिसंविरहित करावा. आपला युरोपला गेलेला स्विच तिथल्या व्यवस्थित कारखान्यात मोडला जाण्याची शक्यता बरी असते. इथला स्विच सीलमपूर किंवा मुरादाबादसारख्या ठिकाणी उघड्या हातांनी फोडला जातो, त्याची वायर तांब्यासाठी जाळली जाते. आपण त्यात काय घातलं याचा सर्वाधिक फरक पडतो तो तिथे.

माल सुरू झाल्यावर

फाइल बनवली त्या दिवशी ती खरी असते. मग खरेदीवाला दोन रुपये वाचवायला वायरचा व्हेंडर बदलतो आणि ती खोटी होते. म्हणून बीओएममधल्या कुठल्याही भागाचा व्हेंडर, ग्रेड किंवा प्लेटिंग बदलताना फाइल सांभाळणाऱ्याची सही लागेल, असा नियम घाला. इनवर्डला, म्हणजे माल आत घेताना, चलनावर लॉट क्रमांक नोंदवा आणि तो तयार मालाच्या बॅचशी जोडा.

एखादा लॉट नापास निघाला तर आधी स्टोअरमधला उरलेला माल कुलुपात ठेवा, मग तो लॉट कोणत्या बॅचमध्ये गेला ते काढा. माल बाजारात गेला असेल तर आयातदाराला लगेच लेखी कळवा. तिथल्या अधिकाऱ्यांना कळवणं आणि गरज पडल्यास माल मागे घेणं हे कायद्याने उत्पादकाचं काम आहे. तुमच्याकडे लॉटची नोंद असेल तर चारशे नग परत येतील, नसेल तर वर्षभराचा सगळा माल. प्रत्येक लॉटमधले चार स्क्रू, हातभर वायर आणि एक डबी, तारीख लिहिलेल्या वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करून ठेवत जा. प्रश्न आला, की प्रयोगशाळेला पाठवायला तेच लागतात.